कोपऱ्यातला तुकडा

"हा तुकडा कुणाचा?" तपासणीला आलेल्या माणसानं विचारलं आणि स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यावर पेनाचं टोपण टेकवलं. टक्. एवढाच आवाज झाला, पण माझ्या हातातला चिमटा ट्रेवर आपटला. चोवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. स्लाइडच्या खालच्या अंगाला पेशंटचा तुकडा असतो, त्याला नंबर असतो, वय असतं, वाट बघणारे नातेवाईक असतात, सगळे त्याच्याकडे बघतात. वरच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या तुकड्यावर फक्त एकदा नजर टाकायची, रंग धरलाय ना, धरलाय, मग खाली यायचं. कंट्रोल म्हणतात त्याला. हा निरोगी आहे हे आधीच ठाऊक असतं. त्याच्यावर रंग उमटला तरच खालच्यावर न उमटल्याला काही अर्थ. तो कोरा राहिला तर सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

"कंट्रोल आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय, मॅडम. कुणाचा, ते विचारतोय."

'ताईचा' हा शब्द जिभेवर आला होता, तो मी गिळला. "जुना ब्लॉक आहे," मी म्हटलं. हे खरं होतं आणि हे उत्तर नव्हतं. तो माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. आवाज मऊ, कागद कडक. या वर्षापासून नियम बदललाय म्हणाला. माणसाच्या शरीरातून काढलेलं काहीही त्याच्या स्वतःच्या तपासणीखेरीज इतर कामाला वापरायचं असेल तर त्याची लेखी परवानगी हवी, नाहीतर जाळून टाकायचं. तो तुकडा ज्यात मुरवून ठेवलेला होता त्या मेणाच्या छोट्या ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, त्यानं लाल स्टिकर लावला, जसा वीज तोडताना मीटरवर लावतात, आणि एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तीन वाजेपर्यंत भरून मिळाला तर काढतो स्टिकर. मी वरच्या मजल्यावर आहे." त्याच्या मागोमाग डॉक्टरबाई आल्या, चष्मा कपाळावर, हातात चहाचा कप. "बस चालवणाऱ्या बाईंचा रिपोर्ट आज पाहिजे हं. उद्या सकाळी सगळे डॉक्टर बसणार आहेत तिच्यासाठी." मी स्टिकर दाखवला. "दुसरा कंट्रोल?" "विकतचे मागवलेत. सोमवारी येतील." "सोमवारी काय उपयोग! आणि याची परवानगी कोण देणार? कुणाचा आहे हा?" एका तासात दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "बघते." त्या कप घेऊन गेल्या आणि मी फॉर्मकडे बघत बसले.

रकाना १. ऊतीचा प्रकार: अपेंडिक्स.
रकाना २. ब्लॉक क्रमांक: सातपैकी सातवा.
रकाना ३. संबंधित व्यक्तीशी आपलं नातं, असल्यास:

इथे पेन थांबलं. पुढे खरं तर ताईला फोन करायचा होता, आणि मी मात्र इतर पेशंटांचं मेण कापायला बसले. आपल्याला जे करायचं नसतं त्याच्या अलीकडे नेहमीच एखादं हाताशी असलेलं काम असतं. मायक्रोटोमचं चाक फिरवलं की ठोकळा पात्यावर खाली येतो, केसाहून पातळ पापुद्रा निघतो, दुसरा निघतो, पहिल्याला चिकटतो, तिसरा दुसऱ्याला, आणि मेणाची रिबीन पुढे सरकत राहते. श्वास जोरात सोडला तरी उडून जाते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप निघतात, मग स्लाइड पाण्यात तिरकी बुडवून पापुद्रा वर उचलायचा. हे मला मेणबत्ती सरांनी शिकवलं. खरं नाव कुणी घेत नसे. उंच, बारीक, जन्मभर मेणात हात, आणि जरा रागावले की चेहरा ठिबकल्यासारखा लोंबायचा. पण रिबीन मला त्यांच्याआधी माहीत होती. ताई ब्लेडनं पेन्सिली तासायची तेव्हा लाकडाची अशीच अखंड वेटोळी निघायची, कडेला रंगाची बारीक किनार असलेली. ती मी खाली बसून झेलायचे आणि पुठ्ठ्याच्या डबीत ठेवायचे. "डिंके, कचरा आहे तो," ताई म्हणायची. डिंकी मी. लहानपणी तिच्या पाठीला चिकटलेली असायचे म्हणून. ती न्हाणीघरात गेली तर दाराबाहेर बसायचे. ती शाळेला गेली की तिच्या उशीवर. "हिला पाण्यात भिजवून सोडवून घ्या कुणीतरी," असं ती आईला सांगायची, पण बाहेर निघताना चप्पल माझीही काढून ठेवायची.

एक खोली, दोन खाटा, एक खिडकी. खिडकीजवळ टेबल, टेबलावर तिचा नकाशांचा फळा. दुपारी खिडकीच्या पत्र्यावरून उजेड उलटा आत यायचा आणि फळ्यावरचा कागद पिवळा दिसायचा. ती उंचवट्यांच्या रेषा काढायची, एकीच्या आत एक, एकमेकींना कधीच न छेदणाऱ्या. मी विचारायचे, या छेदत का नाहीत? "एकच जागा दोन उंचीवर कशी असेल, वेडे?" रेषा काढताना ती श्वास धरायची. मी पण धरायचे. दोघी एकदम श्वास सोडायचो आणि हसायचो. हे आठवलं की मला अजून श्वास सोडायचा राहून गेल्यासारखं वाटतं.

नाही, हे सांगायचं नव्हतं. रंगाचं सांगायचं होतं.

पेशी एकमेकींना धरून राहतात ते काही प्रथिनांमुळे. त्यातल्या मुख्याचं नाव ई-कॅडहेरिन. नाव औषधाच्या बाटलीवरचं वाटतं, पण काम अगदी घरगुती. प्रत्येक पेशीच्या कडेतून ते बोटं बाहेर काढतं आणि शेजारच्या पेशीच्या बोटांत अडकवतं. आम्ही त्या बोटांवर तपकिरी रंग चढवतो. निरोगी तुकड्यात मग मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात, भिंतीला भिंत लागून. काही कॅन्सरांत हे प्रथिन हरवतं. मग भिंतच उमटत नाही. पेशी एकेकट्या सुटतात आणि मुंग्यांसारख्या एकीमागे एक चालू लागतात. स्तनात असं झालं तर कधीकधी धड गाठही होत नाही, हाताला लागत नाही, एक्स-रेच्या फोटोत नीट दिसत नाही, आणि त्या वाटेल तिथे निघालेल्या असतात. भिंत आहे की नाही यावर डॉक्टर ठरवतात, आणखी कुठे कुठे शोधायचं, किती काढायचं. बस चालवणाऱ्या बाईंसाठी आज तेच बघायचं होतं. मेणबत्ती सर हे सगळं हाताची बोटं हातात गुंफून दाखवायचे, मग झटकन सोडायचे. एकदा मी म्हटलं, "म्हणजे घर सोडून जातात त्या." तर चेहरा ठिबकला. "पेशींवर गोष्टी रचू नका. पेशींना आईबाप नसतात. हात सुटतो तो रसायनानं सुटतो, मनानं नाही." थोड्या वेळानं मात्र स्वतःच म्हणाले, "गंमत ऐका. सुटून लांब गेलेल्यांतल्या काही तिथे पोचल्या की पुन्हा हे प्रथिन बनवायला लागतात. पुन्हा हात धरतात. परक्या अवयवात हुबेहूब जुनं घर थाटतात. ते सगळ्यात वाईट." आणि मी, वीस-एकवीस वर्षांची, तोंडात पेन धरून, मान डोलावली होती. ते सगळ्यात वाईट, असं वहीत लिहून घेतलं होतं. नंतर ताईच्या घरी पहिल्यांदा गेले, आठशे किलोमीटर, तर न्हाणीघरात टॉवेल तसाच तिहेरी घडी घालून नळाच्या डाव्या बाजूला, साबण तसाच उभा ठेवलेला, खिडकीजवळ टेबल. मी दार लावून टॉवेलात तोंड खुपसून उभी राहिले होते. सरांचं वाक्य तेव्हा खरं तर आठवायला नको होतं.

रकाना ४. शस्त्रक्रिया कुठे झाली: याच रुग्णालयात.
रकाना ५. त्या वेळी व्यक्तीचं वय: चोवीस.

शनिवार होता. सोमवारी सकाळी सहाच्या गाडीनं ताई निघणार होती. लांबच्या शहरातल्या नकाशांच्या कचेरीत नोकरी, बाबांनी तारीख भिंतीवर लिहून ठेवली होती. बाबा बसच्या आगारात वेळापत्रक लावायचे, त्यांच्या जगात निघायची वेळ एकदा लिहिली की लिहिली. बॅग भरलेली होती. पट्ट्यानं बांधलेली बॅग खाटेखाली आणि ताई खाटेवर, पोट धरून, पाय जवळ घेऊन, भिंतीकडे तोंड. "दुखतंय," म्हणाली. रविवारी पहाटे तिला आमच्याच रुग्णालयात आणलं, नऊ वाजता अपेंडिक्स काढलं. ते बाहेर आलं तेव्हा मी दारात उभी होते. बरणी मीच घेतली, फॉर्मॅलिनमध्ये मीच घातलं, जिना दोन-दोन पायऱ्या करत मीच प्रयोगशाळेत आणलं. पोटातून बाहेर येऊन औषधात पडेपर्यंत तीन मिनिटं. इतकं नीट मुरवलेलं काही नंतर माझ्या हातून झालं नाही. तेव्हाचे मोठे डॉक्टर बरणीकडे बघून म्हणाले, "वरून तर काही दिसत नाही. सगळंच्या सगळं कापून घ्या, काही सुटायला नको." म्हणून सात ठोकळे. बुधवारी मी स्वतः कापलेली स्लाइड मी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या शेजारच्या नळीतून बघितली. विहिरींसारख्या गोल गोल ग्रंथी, एकीशेजारी एक, किती नेटक्या. सूज नाही, पू नाही, काहीही नाही. "नॉर्मल," डॉक्टर म्हणाले आणि पुढची स्लाइड घेतली.

आणि त्या संध्याकाळी जेवताना, ताई नुकतीच घरी आलेली, उशी पोटाशी धरून पहिल्यांदाच टेबलाशी बसलेली, तेव्हा मी सांगितलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर त्या दिवशी पंख होते. "ताई, तुझं अपेंडिक्स मी बघितलं! एकदम नॉर्मल आहे. एक पेशी इकडची तिकडे नाही!" प्रयोगशाळेतली गोष्ट प्रयोगशाळेबाहेर बोलायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पेशंट घरचा असला की नियम घरी लागू नसतो असं मला वाटलं असावं. मला ती चांगली बातमी वाटली होती. बाबांचा घास हातात राहिला. "नॉर्मल म्हणजे? काहीच झालं नव्हतं?" "काहीच नाही." "म्हणजे नाटक." आई म्हणाली, "अहो, जाऊ दे." काका आले होते, ते हसले. "घर सोडवेना म्हणून पोट कापून घेतलं पोरीनं! बाप रे, मी तर शाळा चुकवायला फक्त खोकायचो." मग सगळे हसले. ताईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नकाशात एखादी रेषा चुकली की ती बघायची, खोडायच्या आधी, नक्की कुठून चुकली ते शोधत, तसं. मग तीही हसली. पोटाला टाके होते, म्हणून हसताना उशी दाबून धरली.

महिन्यानं गेली. बाबांनी कचेरीला पत्र लिहून नवी तारीख घेतली होती आणि भिंतीवर जुन्या तारखेवर काट मारून नवी लिहिली होती. तेव्हापासून आमच्या घरात कुणाचंही डोकं दुखलं की "अपेंडिक्स तर नाही ना?" हा विनोद. ताईसुद्धा करायची. फक्त तिनं स्वतःचं काही दुखतं असं पुन्हा सांगितलं नाही. पित्ताशयाचे खडे काढले, महिनाभरानं कळलं, तेही तिच्या नवऱ्याच्या तोंडून. मनगट मोडलं, प्लास्टर सुटल्यावर फोटो आला. मुलगी झाली तेव्हा कळा सुरू असताना तिनं मला फोन केला होता आणि दहा मिनिटं माझ्या रद्द झालेल्या बदलीबद्दल बोलली होती. दर रविवारी फोन असतो. "कशी आहेस?" "मस्त." चोवीस वर्षं मस्त. माणूस चोवीस वर्षं मस्त असू शकत नाही, हे मला पेशी न बघताही कळतं.

मी मुद्दाम केलं का? हा प्रश्न मी बऱ्याच दुपारी, चाक फिरवता फिरवता, लहान भिंगातून, मोठ्या भिंगातून बघितलाय. ती राहावी असं मला वाटत होतं, सगळ्यांत जास्त मलाच. मग मी तेच का बोलले ज्यानं ती गेली? ती गेल्यावर आठव्या दिवशी मी खिडकीजवळचं टेबल घेतलं. हेही सांगून टाकते. पेन्सिलीच्या सालांची डबी खणात सापडली, तिनं नेली नव्हती. वर्षाभरानं हा नवा तपकिरी रंग आमच्याकडे आला आणि मेणबत्ती सरांनी विचारलं, "एकदम निरोगी, छान मुरलेलं काही आहे का कुणाकडे? रोज लागणार, वर्षानुवर्षं." मी म्हटलं, आहे. त्यांनी नंबर बघितला, नाव बघितलं नाही. तेव्हापासून रोज, हजारो स्लाइडवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात. माफी मागण्यापेक्षा हे सोपं होतं. रोज सकाळी पहिली नजर त्या विहिरींवर जायची, कडा ठसठशीत, हातात हात, आणि मी मनात म्हणायचे, आहेस. मग दिवस सुरू.

सव्वा बारा. मी फोन लावला.

"कोण गेलं?" ताई म्हणाली.

"कुणी नाही."

"मग आज बुधवार आहे. तू रविवारवाली."

"ताई, तुझं अपेंडिक्स आहे ना..."

"नाहीये. तुम्हीच काढलंत."

"ते माझ्याकडे आहे."

पलीकडे मोठा नकाशा छापणाऱ्या यंत्राची घरघर चालू होती. ती तशीच चालू राहिली. "कुठे? बरणीत?"

"मेणात."

"मेणात," ती म्हणाली, आणि मग कुणाला तरी, "अरे, प्रमाण नंतर बघू, माझ्या बहिणीकडे माझं अपेंडिक्स सापडलंय." कुणीतरी हसलं. दार लागलं. घरघर थांबली. आता तिचा आवाज जवळून आला. "चोवीस वर्षं काय करतेस त्याचं?"

मी सांगितलं. प्रथिन, बोटं, रंग, कोपरा, आज आलेला परवानगीचा फॉर्म, त्यापायी अडलेला एका बाईचा रिपोर्ट. पाठ केलेल्या धड्यासारखं भराभर सांगितलं, श्वास धरून. तिनं मधे एकदाही टोकलं नाही, हे तिचं लक्षण बरं नव्हतं.

"म्हणजे प्रत्येक बाईच्या काचेवर मी कोपऱ्यात बसलेय."

"हो."

"आणि मी नीट बसले, तरच तिचं खरं मानायचं."

"हो."

"बाबा असते तर सांगितलं असतं. पोरगी शेवटी कामाला लागली म्हणून." ती हसली, मीही हसले, आणि दोघींचं हसणं एकदमच संपलं. "विचारलं का नाहीस कधी?"

"विचारायचं तर सगळंच विचारावं लागलं असतं."

ताई मग म्हणाली, "फॉर्म पाठव. सही करून फोटो टाकते."

"एक रकाना राहतोय. कशासाठी काढलं, असं विचारलंय."

"मला काय विचारतेस? आत जाऊन बघून तर तू आली होतीस." आणि फोन ठेवला. आपटला नाही. ठेवला. आपटला असता तर बरं.

दहा मिनिटांत सही आली. नकाशाच्या कोपऱ्यात करते तशी बारीक, सरळ, शेवटच्या अक्षराखाली बिंदू. मी फॉर्म छापला आणि जिना चढून वर गेले. तपासणीच्या माणसानं बोट फिरवत एकेक ओळ वाचली. तिसऱ्या रकान्याशी थांबला, कारण तिथे मी आता 'थोरली बहीण' लिहिलं होतं, आणि मग त्यानं बोट पुढच्या ओळीवर नेलं. मला तो त्या क्षणी आवडला. "सहावा रिकामा आहे, मॅडम."

रकाना ६. शस्त्रक्रियेचं कारण:

"जुना रिपोर्ट असेल ना? त्यावरून लिहा." जुना रिपोर्ट माझ्या खिशात होता, सकाळीच काढला होता. कागद पिवळा पडलेला, टंकलेखन यंत्रानं प्रत्येक 'न' कागदात खोल उठवलेला. तपासलेल्या सर्व भागांत कोणताही दोष आढळला नाही. हे मी लिहू शकले असते, खरंच होतं ते. मला एकदम ती खाटेवरची पाठ दिसली. भिंतीकडे तोंड केलेली. गाऊनच्या गळ्याबाहेर आलेलं मानेचं हाड, आणि तिथे घामाचा एक बारीक थेंब, खाली उतरू की नको करत थांबलेला. फेब्रुवारीत. पंखा चालू असताना. घाम कुणी नाटकानं आणू शकतं का? मी तो थेंब बघितला होता. बोटानं टिपलासुद्धा होता. बुधवारी स्लाइड बघताना तो मला आठवला नाही, संध्याकाळी जेवताना आठवला नाही, पुढे इतकी वर्षं रोज तिच्या पेशींच्या कडा बघताना आठवला नाही. स्लाइडवर दुखणं दिसत नाही. दुखण्याला कडा नसतात, त्यावर रंग बसत नाही. कापून, मेणात घालून, कितीही पातळ पापुद्रा काढला तरी. आणि ते पोटातलं होतं की सोमवारच्या गाडीचं होतं, हे तिला तरी वेगळं करता आलं असेल का? आलं नसेल तर काय बिघडलं?

मी लिहिलं: पोटात दुखत होतं.

मी खिशातून काढून ठेवलेला रिपोर्ट त्यानं स्वतःकडे फिरवून वाचला. "पण यात तर काहीच नाही म्हणतायत."

"अपेंडिक्समध्ये नव्हतं," मी म्हटलं. "दुखत होतं."

त्यानं खांदे उडवले आणि स्टिकर काढायला खाली आला. स्टिकरचा डिंक थोडा मेणावर राहिला, तो मी नखानं खरवडला. आधीचे सहा संपले होते आणि हा ठोकळाही आता इतका पातळ झाला होता की पलीकडचा उजेड दिसत होता, शंभरएक पापुद्रे उरले असतील. एक काढला, पाण्यावर सोडला, सुरकुती निघेपर्यंत थांबले, उचलला. वर ताई, खाली बस चालवणारी बाई. रंग चढवणारं यंत्र तीन तास घेतं. त्या तीन तासांत मी इतर कामं केली आणि काय केली ते मला आठवत नाही.

सव्वाचार वाजता स्लाइड हातात आली. आधी वर. विहिरी होत्या. कडा ठसठशीत, तपकिरी, एकही तुटलेली नाही. आहेस. मग स्लाइड वर सरकवत खाली आले, कारण सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं सरकतं, आणि बस चालवणाऱ्या बाईंपाशी पोचले. तिच्या दुधाच्या जुन्या नळ्यांभोवती भिंती होत्या, चांगल्या होत्या. नळ्यांच्या बाहेर, मांसाच्या तंतूंमधून, नुसत्या पेशींच्या गाभ्यांचे निळे ठिपके एकामागे एक, रांगेनं, कशालाही न धरता. भिंत नाही. मी खूप शोधली. दुसऱ्या भागात, तिसऱ्या भागात. कुणीतरी एकीनं तरी हात धरलेला असेल म्हणून. मग डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं, भिंगातून वरच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, पुन्हा खाली आल्या. "कंट्रोल सुंदर आहे," हळूच म्हणाल्या. "म्हणजे हे खरं आहे. चला, निदान वेळेवर कळलं. आता शोधता तरी येईल कुठे गेल्यात ते." आणि फोन करायला गेल्या.

मी पुन्हा वरच्या कोपऱ्यावर आले. फोनचा कॅमेरा भिंगाला लावून फक्त कोपऱ्याचा फोटो काढला. दोनदा हलला, तिसरा जमला. ताईला पाठवला. लगेच फोन वाजला.

"हे कुठलं गाव आहे?"

"हे तू."

तिचा श्वास ऐकू येत होता. मग यायचा थांबला, धरला असणार. माझाही धरला गेला. "रेषा चांगल्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "एक पण छेदत नाही. विहिरींचं गाव, वरून बघितलेलं. डिंके, माझ्या पोटात एवढं सुंदर काही होतं?"

"मी सांगितलं होतं तेव्हा. एक पेशी इकडची तिकडे नाही." बोलले आणि जीभ चावली.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "सगळ्यांना." मग, "सहाव्यात काय लिहिलंस?"

"पोटात दुखत होतं."

पलीकडे खुर्ची करकरली. कुणीतरी दार उघडून तिला काही विचारलं, ती "नंतर" म्हणाली. त्यांच्या कचेरीच्या खिडकीबाहेर कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा टुक-टुक आवाज येत होता.

"आणि त्या बाईचं काय निघालं?" ताईनं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"शिकलीस," ती म्हणाली.

मी स्लाइड ट्रेमध्ये ठेवली. दिवा मालवला. आता ती 'चल, रविवारी बोलू' म्हणेल म्हणून मी कानाला फोन तसाच धरून उभी होते, एक हात मायक्रोटोमच्या थंड चाकावर.

"ऐक ना," ताई म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय. तीन महिने झाले."

"कुठला?"

"डावा. जिना उतरताना. चढताना नाही, उतरतानाच."

एक्स-रे काढलास का, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी चाकावरचा हात काढला, स्टूल ओढलं आणि बसले.

"सांग," मी म्हटलं. "कसा दुखतो ते सांग."